ग्लुकोज, आयात शुल्क आणि आपला ऊस
(सभासद-शिक्षण पाठ)



वार्षिक सभा जवळ आली की ठरावांच्या सूचना येऊ लागतात. त्यांत एक सूचना वरचेवर ऐकावयास मिळते : "परदेशी ग्लुकोजवर जबर आयात शुल्क बसवावे, म्हणजे साखरेला भाव मिळेल आणि साखरेला मिळाला की उसाला मिळेल." सूचनेमागची कळकळ आम्हांला समजते. आपले बिल साखरेच्या भावावर अवलंबून. साखरेच्या ताटात दुसरा कोणी हात घालत असेल तर राग येणारच. परंतु ठरावाला हात वर करण्यापूर्वी ग्लुकोज कशापासून होते, नाक्यावर त्याची नोंद कोणत्या नावाने होते आणि शुल्काच्या भिंती बांधून आजवर कोणाला काय मिळाले, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे. त्यासाठी हा पाठ.

पाठातली बरीचशी उदाहरणे आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांतून घेतली आहेत. "तिथे कुठले आलेत साखर कारखाने?" असे कोणी विचारील. खरे आहे. साखर कारखानदारीच्या नकाशावर तो मुलूख ठळक दिसत नाही. पण गोडी तयार होण्याच्या तिन्ही वाटा तिथे एकाच तालुक्यात पाहावयास मिळतात आणि नाका म्हणजे काय हेही तिथल्या माणसाला चांगले ठाऊक आहे. म्हणून तिकडे वळलो.

१. गोडीच्या तीन वाटा

पहिली वाट उसाची. वैनगंगेच्या खोऱ्यात ऊस नवा नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने तिथे तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकवला, गूळ केला. आज ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांतले अनेक त्याच परंपरेतले.

दुसरी वाट धानाची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज-वडसा हा सगळा धानाचा पट्टा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून काढलेले एचएमटी हे वाण याच मातीतले. धान मिलमध्ये गेले की तांदूळ निघतो, कोंडा निघतो आणि तुटलेला दाणाही निघतो. त्याला आपण कणी म्हणतो, तिकडे कनकी म्हणतात. कनकीत पीठूळ अंश, म्हणजे स्टार्च, वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो.

तिसरी वाट मोहाची. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते आणि त्या साखरेत ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही असतात.

आता थोडे शास्त्र पाहू. आपली साखर म्हणजे एक कण ग्लुकोजचा आणि एक कण फ्रुक्टोजचा, दोघांची बांधलेली जोडी. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी. साखळी तोडली की ग्लुकोज मोकळे होते. १८११ साली रशियात किर्खोफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्च पातळ गंधकाम्लात उकळून गोड पाक काढला. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे त्या काळी युरोपात वेस्ट इंडीजची साखर मिळेनाशी झाली होती. म्हणजे साखरेची वाट अडली की माणूस स्टार्चकडे वळतो, हे दोनशे वर्षांपूर्वीच दिसून आले. आज आम्लाऐवजी बहुतेक ठिकाणी विकरे, म्हणजे एन्झाइम, वापरतात. कच्चा माल मका, कणी, टॅपिओका, बटाटा, जिथे जे स्वस्त ते. आपल्याकडे मुख्यतः मका. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च व ग्लुकोज करणारा कारखाना आहेच.

साखळी अर्धवट तोडली तर मिळतो तो घट्ट पाक, ज्याला मिठाईवाले लिक्विड ग्लुकोज म्हणतात. पूर्ण तोडून दाणा पाडला की डेक्स्ट्रोज, म्हणजे घन ग्लुकोज. ग्लुकोजच्या काही भागाचे पुढे फ्रुक्टोज केले तर गोडी साखरेच्या बरोबरीला येते. मक्याच्या या पाकाला युरोपात आयसोग्लुकोज म्हणतात. नुसत्या ग्लुकोजची गोडी मात्र साखरेच्या पाऊणपटच भरते आणि अर्धवट तोडलेल्या पाकाची त्याहूनही कमी.

२. कागदावरचा हिशोब

सरकारी भरडाईच्या नियमात १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात आणि त्यात तुटलेला दाणा २५ टक्क्यांपर्यंत चालवून घेण्याचा नियम बरीच वर्षे राहिला. ६७ चे २५ टक्के म्हणजे पावणेसतरा किलो कनकी. तिच्यात साडेबारा किलो स्टार्च. स्टार्चचे ग्लुकोज होताना पाणी जोडले जाते, त्यामुळे १०० किलो स्टार्चचे कागदावर १११ किलो ग्लुकोज होते. म्हणजे एक क्विंटल धानाच्या कनकीत सुमारे १४ किलो ग्लुकोज दडलेले आहे. घट धरली तर थोडे कमी.

आपला ऊस १०.२५ टक्के उताऱ्याने क्विंटलला सव्वादहा किलो साखर देतो. तर मग धान उसापेक्षा सरस झाले काय? तसे नव्हे. एकराचा हिशोब करा. समजा, एकरी ४० टन ऊस निघाला तर साखर ४१ क्विंटल. समजा, एकरी १५ क्विंटल धान निघाले तर त्याच्या कनकीतून ग्लुकोज जेमतेम दोन क्विंटल. गोडी पिकवण्यात उसाचा हात धरणारे पीक नाही. पण कनकी हा धानाचा उरलेला भाग आहे, मुख्य माल नव्हे. उरलेल्या मालाला जो भाव येईल तो येईल. म्हणून कच्चा माल स्वस्त झाला की ग्लुकोज साखरेला गाठते, तो महागला की मागे पडते. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

३. मालाचे नाव काय, त्यावर नाका

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. बांबू तिथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण बांबूचे नाव काय? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू म्हणजे झाड होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज. झाड म्हटले तर मालकी वनखात्याची आणि नाक्यावर परवाना त्यांचा. गौण वनोपज म्हटले तर हक्क ग्रामसभेचा. मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतरही वाहतूक परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले. बांबू तोच, नाव बदलले आणि नाका उघडला. मोहफुलांचेही तसेच. खाण्याची वस्तू म्हणा की दारूचा कच्चा माल म्हणा. दुसरे नाव चिकटल्यामुळे साठवण आणि वाहतुकीवर निर्बंध राहिले, ते राज्य शासनाने २०२१ साली उठवले.

देशाच्या सीमेवरचा नाकाही नेमका असाच चालतो. १९८८ पासून जगभर मालाला आकड्यांचे सामाईक नाव देण्याची पद्धत लागू आहे. पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे, पुढचे ज्याच्या त्याच्या सोयीचे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे शीर्षक दोन :

१७०१ : उसाची व बीटची साखर, कच्ची किंवा पांढरी. गूळही यातच.

१७०२ : इतर साखरा. यात ग्लुकोज व ग्लुकोजचा पाक, फ्रुक्टोज, माल्टोज, लॅक्टोज आणि साखर फोडून केलेला इन्व्हर्ट पाकही येतो.

१७०२ च्या पोटातही खण आहेत. फ्रुक्टोज अजिबात नाही किंवा २० टक्क्यांहून कमी असेल तर १७०२.३०. वीस ते पन्नासच्या दरम्यान असेल तर १७०२.४०. पन्नासच्या वर गेले तर १७०२.६०.

आता कनकीचा एक दाणा घेऊन चला. कनकी म्हणून निघाला तर १००६.४०. त्याचे स्टार्च केले तर ११०८. साखळी थोडीशीच तोडली आणि मोकळ्या ग्लुकोजचे मान १० टक्क्यांच्या आत राहिले तर ते डेक्स्ट्रिन, शीर्षक ३५०५. दहाच्या वर गेले की १७०२. दाणा एकच, नावे चार आणि प्रत्येक नावावर शुल्काचा दर वेगळा असू शकतो. व्यापारी ही नावे पाठ करून बसलेला असतो. आपण मात्र "ग्लुकोज" एवढा एकच शब्द घेऊन ठराव करतो.

४. शुल्क भावावर कसे चढते

बंदरावर माल १०० रुपयांना पोहोचला आणि शुल्क १०० टक्के असेल तर इतर कर सोडून तो २०० ला पडतो. शुल्क ३० टक्के असेल तर १३० ला. भारताने साखरेवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०१८ मध्ये ५० वरून १०० टक्के केले. जागतिक व्यापार संघटनेत आपण साखरेसाठी दिलेली कमाल मर्यादा १५० टक्के आहे. ग्लुकोजवरचा दर साखरेच्या दराहून बराच खाली आहे. ही तफावत पाहूनच ठरावाची कल्पना निघते.

शुल्क वाईट असे आम्हांला म्हणावयाचे नाही. आपल्या देशातली साखर कारखानदारी संरक्षक शुल्काच्या आडोशानेच वाढली. १९३२ च्या संरक्षण कायद्याने जावाच्या साखरेला अडवले आणि पाच वर्षांत कारखान्यांची संख्या चौपटीच्या वर गेली. पुढे १९५० साली प्रवरेला सहकारी कारखान्याचे चाक फिरले, त्यामागेही ती पूर्वतयारी होती. प्रश्न एवढाच, की भिंतीने किती काम होते आणि कुठे तिचे काम संपते.

समजा, बाहेरची साखर शुल्कासह किलोला ८० रुपये पडते. म्हणून आपली साखर ७९ ला खपेल काय? गोळ्या-बिस्किटे करणाऱ्याला तितकीच गोडी स्टार्चच्या पाकातून ५० रुपयांत मिळत असेल तर तो जमेल तितका पाकाकडे वळेल. भिंत ८० ची असली तरी भाव पन्नासाच्या आसपासच अडतो. भिंत परदेशी साखर अडवते. घरातल्या मक्याला आणि कनकीला ती कशी अडवणार?

५. चार ठिकाणचा अनुभव

अमेरिका. १९८२ साली तिथल्या सरकारने साखरेच्या आयातीवर कोटा लावून देशातला भाव जगापेक्षा खूप वर ठेवला. बीट व ऊस पिकवणारे खूश झाले. पण देशात मका अमाप. १९८४ च्या नोव्हेंबरात कोका-कोला आणि पेप्सी या दोन्ही कंपन्यांनी शीतपेयांत साखरेऐवजी पूर्णपणे मक्याचा पाक वापरायला मुभा दिली. सत्तरीच्या सुरुवातीला माणशी वर्षाला सुमारे ४६ किलो असलेला साखरेचा खप ऐंशीच्या दशकाच्या मध्यास २७ किलोच्या आसपास आला. भाव राखला, पण गिऱ्हाईक गेले.

मेक्सिको. अमेरिकेच्या मक्याच्या पाकाने मेक्सिकोच्या ऊसवाल्याला घेरले. प्रथम जादा शुल्क लावून पाहिले, त्यावर तंटा झाला. मग १ जानेवारी २००२ पासून, उसाच्या साखरेऐवजी दुसरा गोडवा वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर बसवला. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली. २००६ साली मेक्सिको अपिलातही हरला आणि कर मागे घ्यावा लागला. २००८ पासून दोन्ही देशांत साखर आणि पाक दोन्हींची ये-जा खुली झाली.

युरोप. तिथे १९७७ पासून आयसोग्लुकोजवर आधी आकारणी आणि मग उत्पादनाचा कोटा लावला. पाकाचा वाटा साखरेच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपासच दाबून ठेवला. त्यातला एक नियम १९८० साली युरोपच्या न्यायालयाने रद्दही केला, कारण संसदेचे मत येण्याची वाट न पाहता तो केला होता. हे कोट्याचे राज्य चाळीस वर्षे चालले आणि ३० सप्टेंबर २०१७ रोजी साखरेच्या कोट्याबरोबरच संपले.

चीन. तिथे कोट्याबाहेरच्या साखरेवर शुल्क ५० टक्के. पण थायलंडशी सवलतीचा करार असल्यामुळे साखरेचा पाक आणि साखर-मिश्रणे बिनशुल्क येऊ लागली. साखर पाण्यात विरघळवली की १७०१ ची १७०२ होते आणि नाका चुकतो. लाखो टन माल आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये चीनने थायलंडचा पाक अडवला.

चारही अनुभवांचे सार काढले तर असे दिसते, की साखरेची भिंत फार उंच केली की गोडी दुसऱ्या दाराने येते. ते दार बंद करायला जावे तर कधी न्यायालयात, कधी जागतिक तंट्यात अडकावे लागते. आणि दोन नावांच्या शुल्कात मोठी तफावत ठेवली तर माल नाव बदलून येतो.

६. आपल्याकडची कनकीची गोष्ट

आपल्या देशात वापरले जाणारे ग्लुकोज बहुतांशी इथेच बनते. त्यामुळे त्याचा भाव ग्लुकोजवरच्या आयात शुल्काने ठरत नाही. तो ठरतो मक्याच्या आणि कणीच्या भावाने, आणि तो भाव पुष्कळदा दुसऱ्याच नाक्यावर ठरतो.

२०२१-२२ मध्ये भारतातून तीस लाख टनांहून अधिक कणी परदेशी गेली. चीनने पशुखाद्यासाठी मोठी खरेदी केली, सेनेगलसारख्या देशांनी खाण्यासाठी घेतली. मग ९ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली. कोंबडीखाद्य आणि इथेनॉल यांना देशात कणी पुरावी, हे कारण दिले. ही बंदी मार्च २०२५ मध्ये उठली. म्हणजे अडीच वर्षे मूलच्या किंवा वडशाच्या मिलमधल्या कनकीला परदेशी गिऱ्हाईक नव्हते. कोंबडीवाला, डिस्टिलरीवाला आणि स्टार्चवाला यांना आयते सुख. झळ पोचली ती धानवाल्याला.

त्याच काळात आपले काय झाले? २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली. पुढच्या हंगामात कोटा सुमारे ६० लाख टनांवर आला. २०२३-२४ मध्ये निर्यात बंद. २०२४-२५ साठी दहा लाख टनांची परवानगी मिळाली, तीही हंगाम निम्म्यावर आल्यावर, जानेवारीत. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही निर्बंध आले आणि त्या वर्षी इथेनॉलसाठी मका पहिल्या क्रमांकावर गेला. मक्याची मागणी वाढल्याने स्टार्च कारखान्यांना तो महाग पडू लागला. ज्या निर्णयाने आपला रस अडला, त्याच निर्णयाने ग्लुकोजवाल्याचा कच्चा माल महागला. पाहा, सगळे कसे एकमेकांत गुंतले आहे!

तेव्हा धानोऱ्याचा किंवा सिंदेवाहीचा धान उत्पादक हा आपला वैरी नव्हे. दोघांची अडचण एकच. भाव मिळू लागला की आपल्या मालाचा निर्यातीचा नाका बंद होतो आणि तो कधी उघडेल ते हंगामाच्या आधी कळत नाही. आपण "आमची निर्यात खुली करा" म्हणायचे आणि त्याच सभेत "धान्याच्या ग्लुकोजला आळा घाला" म्हणायचे, हे एका तोंडाने शोभणार नाही.

आणखी एक गोष्ट. ग्लुकोज प्रत्येक ठिकाणी साखरेच्या विरोधात उभे नसते. गोळी करताना साखरेने पुन्हा दाणा धरू नये म्हणून पाकात लिक्विड ग्लुकोज घालतात. गोळीचा खप वाढला तर दोन्हींचा वाढतो. घरच्या चहात तर ग्लुकोज कोणी घालत नाही.

७. मग मागावे काय?

आमच्या मते मूळ सूचना जशीच्या तशी मंजूर करू नये. तिच्याऐवजी पुढील मसुद्यावर सभासदांनी विचार करावा :

"(अ) साखरेवरील आयात शुल्काचे संरक्षण कायम ठेवावे. (आ) कोणताही व्यापार करार करताना १७०१ आणि १७०२ ही शीर्षके एकत्र विचारात घ्यावीत, म्हणजे पाकाच्या नावाखाली साखर शिरणार नाही. (इ) साखर, इथेनॉल व धान्य यांच्या निर्यातीचे आणि वापराचे धोरण हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर करावे आणि हंगामाच्या मध्यात बदलू नये. (ई) कारखान्याने साखरेखेरीज इन्व्हर्ट पाकासारख्या मालाची बाजारपेठ तपासून पुढील सभेपुढे अहवाल ठेवावा."

शेवटच्या कलमाचे कारण उघड आहे. १७०२ या शीर्षकात मक्यावाल्याची मक्तेदारी नाही. उसापासून केलेला पाकही तिथेच बसतो. बिस्किटवाल्याला पाक हवा असेल तर तो आपल्याकडूनही मिळू शकतो, मात्र त्याला लागेल त्या प्रतीचा आणि परवडेल त्या भावात. आणि परवडण्याचा प्रश्न आला की गाडी फिरून आपल्याच शेतावर येते. एकरी उत्पादन, वेळेवर तोडणी, स्वच्छ ऊस आणि उतारा, या चार गोष्टींवर कोणत्याही सरकारच्या नाक्याचे नियंत्रण नाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. एक क्विंटल धानापासून मिळणारी कनकी आणि तिच्यातील ग्लुकोज यांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा. कनकीचे प्रमाण २५ ऐवजी १० टक्के धरले तर उत्तर काय येईल?

२. साखर आणि ग्लुकोज यांच्या शुल्कात मोठी तफावत असल्यास कोणता धोका संभवतो? चीनच्या उदाहरणावरून सांगा.

३. अमेरिकेत साखरेचा भाव वर राहूनही खप का घटला?

४. कनकीची निर्यातबंदी आणि साखरेची निर्यातबंदी यांत साम्य कोणते व फरक कोणता?

५. वरील मसुद्यातील कोणते कलम आपल्या गटाला मान्य नाही व का, ते लेखी कळवावे. सभेपुढे ठेवताना त्याची नोंद घेतली जाईल.